फुकटचा ब्लॉग, विकतचं दुखणं

बस. आणि तो लॅपटॉप आधी मिट. होस्टिंग कंपन्यांच्या दरांचा तक्ता मला दाखवू नकोस. रंगीत रकाने आखण्यात तू बारावीतही हुशार होतास, प्रोग्राम मात्र चालायचा नाही.

ब्लॉगस्पॉटवर तू गडकिल्ल्यांबद्दल लिहितोस आणि बरं लिहितोस, म्हणून तर एवढा राग येतो. पावसाळा संपल्यापासून तिथे एक ओळ नाही. कारण काय, तर ‘मॅडम, आता स्वतःच्या होस्टिंगवर न्यायचंय, मग सगळं तिकडेच लिहीन.’ नेलंस का? नाही. लिहिलंस का? तेही नाही. वर मला विचारतोस, नेऊ की नको.

त्याआधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. आज रात्री तुझं गूगलचं खातं बंद पडलं, पासवर्ड चोरीला गेला म्हण किंवा कुठल्या यंत्राला तुझा संशय आला म्हण, तर तुझ्या हातात काय उरेल? झालास ना गप्प. बॅकअप नाही. ब्लॉगरच्या, म्हणजे ब्लॉगस्पॉट चालवणाऱ्या गूगलच्याच सेवेच्या, सेटिंगमध्ये ती सोय आहे, पैसे पडत नाहीत, आणि तेवढ्या वेळात तुझा चहासुद्धा उकळत नाही. त्या फाइलीवरही विसंबू नकोस. तिच्यात लेख येतात, प्रतिक्रिया येतात, फोटोंचे मात्र नुसते दुवे येतात. टाक्यांचे, शिलालेखांचे, पडक्या दरवाजांचे फोटो वेगळे उतरवून घ्यावे लागतात. मूळ फोटो कुठे आहेत? जुन्या फोनमध्ये. आणि तो फोन? विकला. शाब्बास.

फुकटचं कधीही बंद होतं, हे तुझं म्हणणं खोटं नाही. जिओसिटीज याहूने २००९ मध्ये बंद केलं. पोस्टरस ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी एप्रिलअखेर त्याला कुलूप लावलं. आपल्याकडची गोष्ट तर याहून वाईट. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतर सरकारने काही मोजकी पानं अडवायला सांगितली, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच अडवून टाकलं. ज्यांचा त्या यादीशी काडीचा संबंध नव्हता, तेही ब्लॉग दिसेनात. दुसऱ्याच्या पत्त्यावर राहण्याचा हा धोका आहेच, तो मी नाकारत नाही.

पण पैसे मोजले की तो टळतो, हे तुला कोणी सांगितलं? मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. तिथे ठेवलेल्या साइट फुकटच्या नव्हत्या, लोक पैसे भरत होते. कित्येकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, तो साइटबरोबरच गेला. तुझ्या त्या तक्त्यात ‘बॅकअप – हो’ असं लिहून पुढे बरोबरची खूण केली आहेस ना? तो बॅकअप कुठे ठेवतात, हे विचारलंस?

आणि दर. तू मांडलेत ते नव्या गिऱ्हाइकाचे, तेही तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरले तरचे. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो आणि तो दुप्पट-तिप्पट निघतो. वर १८ टक्के जीएसटी. हा रकाना तुझ्या तक्त्यात नाहीच.

बरं, पैसे आहेत असं धरू. काम कोण करणार? वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर टाकलंस की त्याची अपडेट, थीमची अपडेट, प्रत्येक प्लगिनची अपडेट, पीएचपीची आवृत्ती, स्पॅम प्रतिक्रिया, सगळं तुझ्या गळ्यात. एखादं प्लगिन जुनं राहिलं की कोणीतरी आत शिरतं, आणि गूगलवर राजगड शोधणाऱ्याला तुझ्या नावाखाली जपानी भाषेतल्या बनावट दुकानांची पानं दिसतात. हसू नकोस, ही नेहमीची चोरी आहे. ज्या मुलाने फुकटचा बॅकअप एकदाही घेतला नाही, तो दर आठवड्याला प्लगिन तपासणार, यावर मी विश्वास ठेवू?

तू चुकीच्या गोष्टीचा हिशोब करत बसला आहेस. होस्टिंग उद्या बदलता येतं, परवाही बदलता येतं. पत्ता बदलला की मात्र लोकांनी जिथे जिथे तुझे दुवे दिलेत ते सगळे तुटतात. म्हणून आधी डोमेन, म्हणजे स्वतःचा पत्ता, घे. वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. ते ब्लॉगरलाच जोडता येतं, त्याचे ब्लॉगर पैसे घेत नाही, आणि ब्लॉगस्पॉटचे जुने दुवे आपोआप नव्या पत्त्यावर जातात. उद्या खरंच वर्डप्रेसवर गेलास तरी डोमेन तेच राहील, आणि दुव्यांची रचना वर्ष, महिना, नाव अशीच ठेवली तर वाचकाला तू हललास हे कळणारही नाही. आज थेट ब्लॉगस्पॉटवरून उठलास तर हे जमत नाही, कारण तो पत्ता तुझा नाहीच, गूगलचा आहे.

होस्टिंगबरोबर ‘मोफत’ मिळणारं डोमेन नको. वेगळं घे, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. मित्राच्या खात्यातून घेतलंस तर कागदोपत्री ते मित्राचं. नूतनीकरणाची तारीख चुकली आणि मुदत टळली की ते पुन्हा बाजारात येतं, आणि मग तुझ्या गडांच्या नावावर कोणीतरी रमीचा अड्डा उघडतो.

अजून एक, कारण हे तुला कुठला विक्रेता सांगणार नाही. ब्लॉगरला मराठी शीर्षक दुव्यात घेता येत नाही, म्हणून तुझे सगळे दुवे ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडे असे झालेत. वर्डप्रेस मराठी घेतं, पण प्रत्येक देवनागरी खुणेची नऊ चिन्हं करून, आणि दोनशे चिन्हांनंतर कात्री लावतं. वेलांटी वेगळी मोजतात, अनुस्वार वेगळा, पाय मोडला तर तोही वेगळा. तुझं ‘हरिश्चंद्रगडाची नळीची वाट’ तिथे नेलंस तर दुव्यात शेवटचा ‘ट’ गळेल, ‘वा’वरच थांबेल. दोन्हीकडे उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी दुव्याचं नाव रोमन अक्षरांत, स्वतःच्या हाताने लिहायचं. आजवर एकदाही लिहिलेलं नाहीस.

स्वतःचं होस्टिंग कधी लागतं? पुस्तकं विकायची असतील, चार-पाच जण मिळून गडांची नीट शोधता येणारी सूची करणार असाल, सभासद नोंदवायचे असतील, तेव्हा. यातलं तुला आज काय करायचंय? काही नाही ना? मग विषय संपला.

रविवारी बॅकअप घे, फोटो उतरव, आणि दोन्हीची एकेक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर ठेव, एकेक दुसरीकडे. सोमवारी डोमेन. पुढचा लेख या महिन्यात आला पाहिजे, ब्लॉगरवरच. आणि तो होस्टिंगवाला रोज फोन करतोय म्हणालास ना, त्याला ‘विचार करून सांगतो’ म्हणायचं बंद कर. ‘नको’ म्हण, इथूनच, माझ्यासमोर.