बिनडांबरी

"दादा, रस्त्याचं माप घ्याया आलाव काय?"

वाडीच्या तोंडाशी चिंचेखाली बसलेल्या आजींनी विचारलं. माझ्या डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे आणि सायकलच्या हँडलला वेग-अंतर दाखवणारं एक काडेपेटीएवढं यंत्र. आजींचा अंदाज अगदीच वावगा नव्हता. त्यांच्या वाडीवर चाकावरून येणारा अनोळखी माणूस एकतर मतांसाठी येतो, नाहीतर मापासाठी. "नाही आजी, सहज फिरायला आलोय," असं सांगितल्यावर त्यांनी आधी सायकलकडे, मग रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या रस्त्यानं? सहज?"

त्या 'सहज'वर मी अजून अडकलेलो आहे.

पालीला बल्लाळेश्वराच्या दारात रविवारी गाड्या लावायला जागा मिळत नाही. अष्टविनायकाच्या बसगाड्या, रिक्षा, पेढ्यांची दुकानं, वर सरसगडाचा काळा सुळका. पण सुधागडाच्या बाजूला वळलं की अर्ध्या तासात हा गलका मागे पडतो. पाच्छापूर येतं. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर 1681 साली या भागात आश्रयाला उतरला होता आणि संभाजी महाराजांची व त्याची भेट इथेच झाली. त्या पातशहाच्या मुक्कामावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. पुढे कुठेतरी डांबर संपतं आणि माझ्यासारख्यांची मौज सुरू होते. कुठे, ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या रविवारी वीस हेल्मेटं तिथे पोचतील.

ही मौज आता जगभर फोफावली आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी, म्हणून ग्रॅव्हल बाइक. जाड टायर, त्यात हवा थोडी कमी, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. 2022 पासून तिच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होतात. चांगली सायकल लाखाच्या पुढेच मिळते. म्हणजे बिनडांबरी रस्त्यावर हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून एक माणूस लाखभर खर्च करतो आणि त्याच रस्त्यावर दुसरा माणूस फाटक्या चपलेनं रोज ये-जा करतो.

मौज खरी आहे, हेही सांगायला हवं. चाकाखाली मुरूम करकरतो. हा मुरूम म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतलेल्या लाव्ह्याची झीज. समोर सह्याद्रीची भिंत, तिच्यात ते थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे मोजता येतात. वर घाटमाथ्यावर तैलबैलाच्या दोन उभ्या कातळभिंती. पालीजवळ उन्हेरेला गरम पाण्याची कुंडं आहेत. ती त्या ज्वालामुखीची उरलेली धग असावी असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. भेगांमधून खोल उतरलेलं पाणी पोटात तापून वर येतं, एवढंच. दोन तासांत एक मोटार नाही, एक हॉर्न नाही. धनेश पक्ष्याच्या पंखांचा आवाज ऐकू येतो. अशा वेळी आमच्यातला एक जण म्हणाला, "हा रस्ता असाच राहू दे रे देवा." मीही मान डोलावली होती.

आजींच्या प्रश्नानंतर ती मान खाली गेली.

कारण ही शांतता निसर्गाची देणगी नाही. ती नंतर आलेली आहे. या डोंगरातून वर जाणारा सवाष्णीचा घाट, वाघजाईचा घाट या एके काळी वाहत्या वाटा होत्या. चौलच्या बंदराकडचा माल बैलांच्या पाठीवरून असल्याच घाटवाटांनी देशावर चढत असे. नाडसूरजवळची ठाणाळ्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वी या कोपऱ्यात उगाच खोदलेली नाहीत. जिथे माणसं येत-जात होती, तिथेच भिक्षूंनी वर्षावासाची सोय पाहिली. मग 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये त्याच घाटातून आगगाडी वर चढली. रहदारी तिकडे वळली आणि इकडच्या वाटांवर गवत माजलं. ज्याला मी रहदारीमुक्त म्हणतो, त्याला इथला माणूस आडबाजूला पडलेलं म्हणेल. शब्द दोन, रस्ता तोच.

इटलीतल्या तस्कनी प्रांतात नेमका उलटा किस्सा घडला. तिथले पांढऱ्या मातीचे जुने रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचवावेत म्हणून 1997 साली गायोले या गावातून काही सायकलवेड्यांनी 'लेरोइका' नावाची फेरी काढली. जुन्या सायकली, लोकरी जर्सी. आज जगभरचे लोक त्या फेरीला येतात. आमच्या मंडळींना हे उदाहरण फार आवडतं आणि ते चांगलं आहेच. पण तिथल्या शेतकऱ्याच्या दारात मोटार उभी असते आणि मातीचा रस्ता असला तरी रुग्णवाहिका पोचते. तिथे रस्ता कच्चा ठेवणं ही लोकांची आवड आहे. आमच्या आजींना असं कुणी कधी विचारलेलं नाही.

त्यांनीच सांगितलं. पावसात ओढा भरला की आजारी माणसाला झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची, दोघांनी खांद्यावर घ्यायची. नातसुनेला असंच नेलं. "वाटंतच झालं पोर," त्या म्हणाल्या आणि अंगणात खेळणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं.

इर्शाळवाडी इथून लांब नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. गाडी जाईल असा रस्ता नव्हता म्हणून यंत्रं वर पोचली नाहीत. जवान भर पावसात चालत चढले आणि कुदळ-फावड्यांनी चिखल उपसत राहिले. रस्ता असता तर दरड कोसळली नसती, असं मी म्हणणार नाही. पण त्या पायवाटेचं दुसऱ्या दिवशी कुणी कौतुक केलं नाही.

कागदावरची दुनिया वेगळीच असते. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनं डोंगरी आणि आदिवासी भागात 250 वस्तीची अट धरली. वीस-बावीस घरांची कातकरी वाडी त्यात बसेल कशी? 2023 च्या नोव्हेंबरात कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींसाठी पीएम-जनमन आलं आणि अट शंभरावर उतरली. चांगलं झालं. फक्त वाडी मोजायला तेवीस वर्षं लागली.

माझे मित्र म्हणतात, डांबर आलं की पाठोपाठ प्लॉटवाले येतात, मग फार्महाऊस, मग डोंगर पोखरणारे डंपर. खोटं नाही, रायगडात हे सगळीकडे दिसतं. तरीही डंपर नकोत म्हणून रस्ताच नको, हे त्या वाडीनं ठरवावं. महिन्यातून एका रविवारी येणाऱ्यानं नव्हे. जमिनीसाठी भांडायचं असेल तर जमिनीसाठी भांडू, त्याकरिता बाळंतिणीला झोळीत ठेवायचं कारण नाही. मला खडी हवीच असेल तर गडाच्या वाटा आहेत, नदीकाठ आहे. आणि तिथेही बांधावरून सायकल घालून नाचणीचं नुकसान करायचा मला हक्क नाही.

निघताना आजींनी माझ्या यंत्राकडे पाहून विचारलं, "त्यात किती आलं?"

डांबर संपतं तिथपासून चिंचेपर्यंत 3.4 किलोमीटर. मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मागचा मापाचा मानूस तर दोनच म्हनत व्हता."

म्हणून परतताना पुन्हा मोजलं. 3.4 च भरलं. दिवाळीनंतर परत गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी खडीचे ढीग टाकलेले होते. उन्हाळ्यात पडले, असं आजी म्हणाल्या. ढिगांवर गुडघाभर गवत वाढलेलं होतं आणि एका ढिगावर त्यांची बकरी चरत होती.