शंकासमाधान : मयताच्या घरी काय बोलावे?

शंका : आरमोरी तालुक्यातील एक ख्रिस्ती ताई विचारतात : मोहफुले वेचायला गेलेल्या शेजाऱ्याला वाघाने मारले. घर हिंदू आहे. घरच्यांना प्रभू येशूविषयी सांगावेसे फार वाटते. आत्ता सांगावे का? न सांगितले तर ती विश्वासातली कसूर होईल का?

समाधान : वडसा-आरमोरीच्या पट्ट्याला हे दुःख नवे नाही. 13 जणांचा जीव घेणारा सीटी-1 वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद झाला. पण मोह गळू लागला की झुंजुमुंजू टोपले घेऊन जंगल गाठावेच लागते. अशा घरात रडायलाही उसंत नसते. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसांचे कागद, बँकेचे पासबुक. यातले एक अडले की वनखात्याची मदत रखडते. मयताच्या बायकोसोबत कचेरीत जावे, तिच्या लेकरांना जेवू घालावे, रोवणीला तिच्या बांधीत उतरावे. आधी एवढेच.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री मुकाट्याने बसून राहिले. तिथवर ते चुकले नाहीत. तोंड उघडून त्याच्या दुःखाचे खापर त्याच्याच पापावर फोडू लागले, तेव्हा देवाचा राग त्यांच्यावर पेटला. ‘येशूला मानत असता तर वाचला असता’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. ते क्रूर आहे आणि खोटेही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून पापी होती, हा समज येशूने स्वतः खोडून काढल्याचे लूक सांगतो.

म्हणून कायमचे गप्प बसावे असे नाही. तेरवी उरकते, पाहुणे पांगतात, आणि एखाद्या संध्याकाळी तीच विचारते, “बाई, तू आमच्यासाठी एवढं काहून करतेस?” तेव्हा आडपडदा न ठेवता सांगावे : आपण येशूला मानतो, त्याने आपल्याला असे सावरले. चार वाक्ये पुरतात. प्रार्थना करू का, हे विचारावे. ती नको म्हणाली तर विषय तिथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशीचे जाणे-येणे मात्र थांबवू नये.

शंका : पूरग्रस्तांना धान्य वाटताना तिथेच प्रार्थनासभा घ्यावी का?

समाधान : घेऊ नये. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले आणि वैनगंगेकाठची शेते-घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी हातात पिशवी पडेपर्यंत माणूस कुठेही बसेल, कशालाही ‘आमेन’ म्हणेल. त्या होकाराला विश्वास कसे म्हणायचे? कायद्याचीही बाजू आहे. धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या 25 व्या कलमाने दिले आहे. पण प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. 1889 मध्ये त्यांनी विधवा मुलींसाठी शारदासदन काढले, तेव्हा तिथे धर्माची सक्ती नसेल असा शब्द दिला होता. मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या, गदारोळ उठला आणि 1893 मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की, दार उघडे होते, बोलावले कुणालाच नव्हते. ते खरेच असणार. पण विधवा मुलीला ज्या छपराखाली निवारा मिळतो, त्याच छपराखाली ‘नाही’ म्हणणे तिला किती जड जात असेल, हे पालकांना दिसत होते. त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात गेले होते. भूक काय करते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. त्यांची ही धाव घ्यावी, आणि शारदासदनातल्या वादाचा धडाही घ्यावा.

धान्य घराघरांत पोचवावे, यादी ग्रामपंचायतीकडून घ्यावी, पिशवीवर वचन छापू नये. प्रार्थनासभा रविवारी चर्चमध्ये असतेच. ज्याला यायचे तो येईल.

शंका : सिकलसेल असलेल्या भाच्यासाठी मंडळी प्रार्थना करते. आता गोळ्या बंद कराव्यात, असे एक जण म्हणतो.

समाधान : मुळीच बंद करू नयेत. हा आजार आईवडिलांकडून जनुकांतून येतो. त्यात ना कुणाचे पाप, ना कुणाची करणी. प्रार्थना जरूर करावी. सांधे ठणकू लागले, ताप चढला किंवा धाप लागली, तर त्याला भरपूर पाणी पाजत थेट दवाखाना गाठावा, आणि प्रार्थना वाटेत गाडीत बसून करावी.