न मागणारी प्रार्थना

चंद्रपूरहून वरोऱ्याच्या दिशेने निघाले की वाटेत भद्रावती लागते. रेल्वेच्या पाटीवर मात्र 'भांदक' हेच जुने नाव आहे. विजासनची बौद्ध लेणी, भद्रनागाचे देऊळ आणि केसरिया पार्श्वनाथांचे जैन तीर्थ एवढे या एका गावात सामावले आहे. शिवाय परिसरात कोळशाच्या खाणी आणि दारूगोळ्याचा सरकारी कारखाना! अहिंसेला शेजार असा लाभला आहे.

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वरासमोर किंवा २०१६ साली मांगीतुंगीला पूर्ण झालेल्या १०८ फुटी ऋषभदेवांसमोर मान आपोआप वर जाते. भद्रावतीच्या श्यामवर्ण पार्श्वनाथांसमोर ती सरळच राहते. मस्तकावर नागफणा आहे. तपोभंगासाठी कमठाने पाऊस कोसळवला, धरणेंद्र नागाने फणा धरून रक्षण केले. पार्श्वनाथांच्या मनात मात्र ना कमठाविषयी रोष, ना धरणेंद्राविषयी लोभ, अशी ती कथा.

एक वृद्ध बाई पाटावर तांदळाचे स्वस्तिक रेखीत होत्या. स्वस्तिक म्हणजे जीवाच्या चार गती. वर सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र्याच्या तीन राशी, आणि त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. मी भाबडेपणाने विचारले, "आई, काय मागितलंत?"

"यांच्यापाशी काय मागायचं, भाऊ? हे काही देत नसतात."

अधिष्ठायक देवतांना नवस बोलणारे जैनही आहेतच. पण तीर्थंकर वीतराग आहेत. ते प्रसन्न होत नाहीत, रागावतही नाहीत. मग नमस्कार कशासाठी? सेमिनरीत या प्रश्नाचे उत्तर मी दोन ओळींत लिहिले असते: ऐकणारा परमेश्वर नसेल, तर प्रार्थना हे केवळ स्वगत होय. त्या दिवशी ते उत्तर मला पुरेना.

माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी नऊ दिवसांची नोव्हेना केली होती. दहाव्या दिवशी ती गेली. त्यानंतर कित्येक महिने मी मिस्सा अर्पण करीत होतो, पण मनातून परमेश्वराशी अबोला धरून होतो. हे मी कोणाला सांगितले नव्हते. ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याच्यापुढे या बाई रोज वाकतात. आणि मी, एक गोष्ट मिळाली नाही म्हणून रुसलो. माझी ती भक्ती होती की व्यवहार?

तरी मागणे सोडावे, असे मला म्हणवत नाही. गेथशेमानीच्या बागेत प्रभूनेही मागितले, आणि तो प्याला टळला नाही. मागणारे लेकरू बापाला ओळखते, हे मी आजही मानतो. प्रश्न एवढाच उरतो की, बापाचे हात रिकामे दिसले तर लेकराने त्याच्याजवळ बसावे की नाही.

बाईंनी रेखलेले तांदूळ थोड्या वेळाने पुजाऱ्याने गोळा केले. बाईंनी तिकडे पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेत भाविकांच्या विनंत्यांची यादी हाती आली. पहिले नाव एका आजारी आईचे होते. मी क्षणभर थांबलो, मग सगळी यादी नेहमीपेक्षा सावकाश वाचली.