शंकेचा फायदा कोणाला?

शेजारच्या उर्दू शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक निलंबित झाले. आरोप शिष्यवृत्तीच्या पैशांतील अफरातफरीचा. संस्थेने पोलिसांत फिर्याद दिली आणि लगोलग खातेनिहाय चौकशीही लावली. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीप्रमाणे चौकशी समितीत तिघे असतात. त्यांतला एक आरोप असलेल्या कर्मचाऱ्याच्या पसंतीचा. सरांनी माझे नाव दिले.

तेव्हापासून एक सवाल डोक्यातून जात नाही. घटना एक, साक्षीदार तेच, कागदही तेच. मग न्याय दोन ठिकाणी कसा? कायद्याचे उत्तर सोपे आहे. कोर्टात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, चौकशीत ‘असे घडले असावे’ एवढी शक्यता पुरते. फिक़्हच्या अभ्यासकांना हा फरक नवा नाही. हद्दच्या शिक्षेत शंका आली की सजा टळते. ताज़ीरमध्ये काजीला जास्त मोकळीक असते.

पण नियम कळला म्हणून माणसाची कोंडी सुटत नाही. कोर्टात गप्प राहणे हा सरांचा हक्क; समितीपुढे गप्प राहिले तर लोक म्हणणार, काहीतरी लपवताहेत. बोलले तर त्यांचा बचाव खटल्याआधीच उघडा पडणार.

कोलारच्या सोन्याच्या खाणीतले सुरक्षा अधिकारी कॅप्टन पॉल अँथनी यांची हकीकत मी मुद्दाम वाचली. १९८५ मध्ये त्यांच्या घरावर छापा पडला, ४.५ ग्रॅमची सोन्याची गोळी सापडल्याचे सांगण्यात आले. निलंबनातला निर्वाह भत्ता मिळेना, चौकशीला जायला पैसे नाहीत. चौकशी एकतर्फी झाली आणि १९८६ मध्ये नोकरी गेली. १९८७ मध्ये कोर्टाने निर्दोष सोडले, तरी कंपनी परत घेईना. सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये त्यांना कामावर घ्यायला लावले. आरोप गुंतागुंतीचे आणि दोन्हीकडे पुरावा एकच असेल, तर खटला संपेपर्यंत चौकशी थांबवणे इष्ट, असे त्या निकालात आहे. मात्र खटला रेंगाळला तर चौकशी पुढे नेता येते, हेही आहे.

हे ‘रेंगाळला तर’ मला सतावते. आपल्याकडे तारखेवर तारीख. तोवर त्या वर्गाला गणित कोणी शिकवायचे? ज्या मुलींची शिष्यवृत्ती बुडाली त्यांनी किती वर्षे थांबायचे? सरांची बाजू घेणारे या मुलींचे नावही काढत नाहीत, याचा मला राग येतो.

आणि खरे सांगायचे तर, कागद पाहून मला वाटले की पैसे सरांनीच घेतले असावेत. ‘वाटले’ आणि ‘असावेत’, दोन्ही शब्द माझेच. एवढ्यावर वीस वर्षांची नोकरी काढून घ्यायची? नियम म्हणतो, हो. एका संध्याकाळी भाभी घरी आल्या. म्हणाल्या, “बाजी, फैसला काहीही द्या, पण अर्धा पगार तरी वेळेवर मिळू द्या. मुलीची फी भरायचीय.”

पुढच्या बैठकीत मी तेवढेच मागितले. आधी थकलेला भत्ता द्या, सरांच्या हाती सगळे कागद द्या, मग चौकशी चालवा. बाकी दोघांना ही टाळाटाळ वाटली. माझा शेरा नोंदवहीत वेगळा लिहिला गेला. भत्ता दोन महिन्यांनी मिळाला, तारीख पुढची पडली. अहवालाचा शेवटचा रकाना अजून कोरा आहे. परवा बाजारात सर भेटले, सलाम केला आणि प्रकरणाबद्दल एक शब्दही विचारला नाही.