विलगीकरण आणि आत्मानुकंपा

2020 च्या वैशाखात, कोरोनाच्या साथीत, मुंबई-पुण्याहून गावी परतणाऱ्या आपल्याच माणसांना कोल्हापूर जिल्ह्यातील गावांनी वेशीवर थांबवून शाळांच्या खोल्यांत ठेवले, हा बंदोबस्त अन्यायाचा होता असे मी म्हणणार नाही; रोगाचा वेग आणि ग्रामीण दवाखान्यांची कुवत पाहता दुसरी तजवीज हाताशी नव्हती. परंतु कोडोलीच्या परिसरात, जिथे वारणाकाठचा ऊस आणि दोन्ही वेळा डेअरीत घालायचे दूध यांमुळे एका घराचा दिवस शेजारच्या घराच्या दिवसात गुंतलेला असतो, तिथे चौदा दिवसांचा एकांत केवळ शरीरापुरता राहत नाही. त्या एकांतात माणसाने स्वतःला कसे वागवले, हा माझ्या चिंतेचा विषय आहे.

फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच राहिलेली, लहान मुलांचे बाक भिंतीशी सारून मधोमध अंथरलेली सतरंजी, डाव्या पंजाच्या पाठीवर शाईचा सरकारी शिक्का, आणि फाटकाशी डबा ठेवून मागे सरणारी घरची बाई. अशा खोलीत मनाची एक कचेरी भरते; तिथे फिर्यादीही आपणच, आरोपीही आपणच आणि निवाडा देणारेही आपणच असतो, मात्र बचावाची कैफियत तेवढी दप्तरी दाखल होत नाही. पुढे 2021 च्या दुसऱ्या लाटेत, कोल्हापुरात साथ दीर्घकाळ रेंगाळली तेव्हा, ‘माझ्यामुळंच म्हातारीला झालं’ हे वाक्य कित्येकांनी मनातल्या मनात घोकले असेल. संसर्ग हा अपराध नव्हे हे बुद्धीला कळते. पण ज्याच्या आईची अखेरची क्रिया परक्या हातांनी उरकली गेली, त्याच्या मनाला ते कोण समजावणार?

ज्या प्लेगमधून 1897 चा साथरोग कायदा जन्मला आणि जो कायदा 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने पुन्हा अमलात आणला, त्या प्लेगच्या काळी गावे ओस पडत आणि कुटुंबेच्या कुटुंबे माळावर झोपड्या घालून राहत. मृत्यूचे थैमान तेव्हा कितीतरी भीषण होते. पण घर सोडण्याची लाज कुणा एकट्याच्या वाट्याला येत नसे. आपल्या साथीत मात्र माणूस एकेकटा वेगळा काढला गेला.

अशा एकेकट्या माणसाला गरज असते ती आत्मानुकंपेची, म्हणजे स्वतःकडे करुणेने पाहण्याची. पण आत्मानुकंपा म्हणजे स्वतःचे लाड, असा आक्षेप आपल्याकडे चटकन निघतो, आणि त्याच्या समर्थनार्थ संतांची आत्मनिंदा पुढे केली जाते. पण तुकोबांनी स्वतःला हीन म्हटले ते पांडुरंगापुढे, म्हणजे जिथे क्षमेचा भरवसा आहे अशा ठिकाणी. बंद खोलीतल्या आत्मनिंदेला असा श्रोता नसतो. क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीने 2003 मध्ये या वृत्तीची तीन अंगे मांडली: स्वतःविषयी ममता, आपले दुःख अखिल मानवाच्या दुःखाचाच अंश आहे ही जाणीव, आणि वेदना न दडपता, न फुगवता तिच्याकडे पाहणे. यांतील दुसरे अंग मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण विलगीकरणाचा घाव नेमका त्याच्यावर बसतो.

या वृत्तीची मर्यादा दाखवणारे ऊसतोड कामगारांचे उदाहरण मात्र विसरता येत नाही. 2020 मध्ये एक लाखाहून अधिक तोडकरी कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते, आणि त्यांना गावी जाण्याची मुभा एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली. पालाखाली शिधा संपत आलेल्या माणसाला मनःशांतीचा उपदेश करणे निष्ठुरपणाचे आहे. तिथे आधी पीठ आणि मजुरी पोचली पाहिजे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच वर्षी विलगीकरणाच्या मानसिक परिणामांवरील 24 अभ्यासांचा जो आढावा छापला, त्यात अपुरी रसद, अपुरी माहिती, आर्थिक हानी आणि कलंक हीही मनस्तापाची कारणे आढळली. आपल्या थांबण्याने इतरांचे रक्षण होते, याची आठवण त्या माणसांना द्यावी, असेही तिथे सुचवले होते.

हे सांगणे गावाचे कर्तव्य होते. शाळेत थांबलेला माणूस गावावर आलेले संकट नव्हता, तो गावाची राखण करीत होता. गावाने ते त्याला सांगितले नसेल, तर त्याने स्वतः स्वतःला सांगावे, त्यात अहंकार मुळीच नाही. साथ ओसरली, शिक्क्याची शाई केव्हाच गेली. पण ज्या घरांत माणूस गेला, तिथे ‘तुझ्यामुळं’ असे कुणी म्हणत नाही आणि ‘तुझ्यामुळं नव्हे’ असेही कुणी म्हणत नाही. त्यातले दुसरे वाक्य मोठ्याने बोलायला अजूनही उशीर झालेला नाही.