झूल कुणाच्या थंडीची?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून अण्णा ओसरीवर आले, तापीकडून आलेल्या वाऱ्याने त्यांच्या अंगावर शहारा आला, आणि दावणीच्या तिन्ही घोड्यांना आजपासून झुली घालायच्या, हे तिथल्या तिथे ठरलं.

अण्णांचं गाव सारंगखेड्यापासून दोन कोसांवर. घरात घोडी बाळगण्याची रीत आज्यापासूनची. वरातीला भाड्याने द्यायची, आणि एखादं जनावर देखणं निघालं की दत्तजयंतीच्या यात्रेत विकायचं. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश, गुजरात अशा कुठकुठच्या मुलखांतली जनावरं तापीकाठी उतरतात. त्या यात्रेला अजून दीड महिना होता.

दावणीला तिघी. चांदणी ही पाच वर्षांची नुकरी, पांढरीशुभ्र, नाकपुड्यांपाशी गुलाबी. यंदा विकायची ती हीच. बिजली काठेवाडी, दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली. आणि मैना. मैनेचं वय चोवीस. गावातले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवरून मांडवात गेलेले.

झुली शहाद्याहून आल्या. आतून जाड अस्तर, वरून लाल कापड, कडेला जरीची पट्टी. चाचा हा त्यांचा जुना मोतद्दार. तो झुलीचे बंद बांधता बांधता म्हणाला, "मालक, दुपारी अजून ऊन तापतंय. रात्रीपुरत्या घालू, सकाळी काढू."

"रोज काढघाल कोण करणार? आणि चांदणीचं अंग यात्रेपर्यंत स्वच्छ राहायला हवं. झूल काढायची नाही."

चाचा गप्प बसला. ज्या घरचं मीठ खाल्लं तिथे एकदा सांगावं, दुसऱ्यांदा सांगू नये, अशी त्याची रीत होती. ही रीत मला पटत नाही. माणसाचं माणूस बघून घेतो; मुक्या जनावराचं असेल तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही सांगितलं पाहिजे.

खानदेशातला हिवाळा फसवा असतो. पहाटे पारा दहा-बारावर, दुपारी तोच तिशीला टेकलेला. पहाटेची झूल दुपारी तशीच राहिली की घोड्याला घाम फुटतो, तो अस्तरात मुरतो, आणि रात्री तेच ओलं अस्तर गार होऊन अंगाला चिकटतं. झूल काढायची नाही असा हुकूम, त्यामुळे चाचाचा खरारा मानेला आणि पायांना तेवढा होई. चांदणी खुंटाला खांदा घासू लागली. लोळण घेणं तिने सोडून दिलं. रस्त्याने जाणारे मात्र थांबून म्हणत, "अण्णा, घोड्यांना काय जपता हो तुम्ही!" आपल्याकडे झूल म्हटली की पोळ्याचा बैल डोळ्यांपुढे येतो. ती बघणाऱ्यासाठी असते, अंगावर वागवणाऱ्यासाठी नाही. अण्णांच्या दारातही तेच चाललं होतं.

यात्रेत तिसऱ्या दिवशी सुरतेकडचा एक म्हातारा व्यापारी चांदणीपाशी थांबला. त्याने दात पाहिले, खुरं उचलून पाहिली, तिला चार पावलं चालवून आणायला सांगितलं. मग काही न बोलता त्याने खांद्यामागून झुलीच्या आत हात सरकवला. बराच वेळ तो हात तिथेच होता. बाहेर काढून त्याने तळवा नाकापाशी नेला.

"काढा," तो म्हणाला.

झूल निघाली. दोन्ही खांद्यांच्या टोकांना केस घासून गेलेले, खालची गुलाबी कातडी उघडी पडलेली. पाठीवर बारीक बारीक खपल्या. म्हाताऱ्याने एक पुंजका चिमटीत धरून हलकेच ओढला, तर केस खपलीसकट हातात आले. चांदणीने कातडी थरथरवली आणि मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"घोडी झकास आहे," तो म्हणाला, "पण तुमच्या घरात हिच्या अंगाला कुणी हात लावत नाही."

भाव विचारलाच नाही त्याने.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी खपल्या भिजवून काढायला सांगितल्या, औषधाचं पाणी दिलं, आणि अंग कोरडं ठेवायचं, उन्हावाऱ्याला उघडं ठेवायचं, असं बजावलं. अण्णा खालमानेने म्हणाले, "डॉक्टरबाई, मी तर थंडीपासून जपायला गेलो."

"काका, कुणाच्या थंडीपासून?" त्यांनी विचारलं. मग खाटेवर बसून सांगू लागल्या. जूनमधला आपला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आसपास असतो, डिसेंबरातला सर्वांत लहान पावणेअकराच्या आसपास. दिवस आखडू लागला की घोड्याच्या शरीराला ते कळतं आणि थंडी पडायच्या आधीच त्याचे हिवाळी केस यायला लागतात. गारठा वाढला की हे केस उभे राहतात, मध्ये हवा कोंडते, आणि ती ऊब धरून ठेवते. वरून जड कापड पडलं की तेच केस चपटे होतात. अंगाने भरलेला, निरोगी, कोरडा घोडा 5 ते 25 अंशांपर्यंत सहसा सुखात असतो. थंड मुलखात रुळलेला त्याच्याही खाली. आपल्याला शाल लागते तिथे तो निवांत चारा चघळत उभा असतो.

अण्णांनी ऐकलं, पण जेवढं ओशाळलेल्या मनाला हवं होतं तेवढंच ऐकलं. त्याच संध्याकाळी तिन्ही झुली दोरीने बांधून माळ्यावर गेल्या. "घोडा हे उघड्यावरचं जनावर," ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "त्याला कापड लागतच नाही." पूर्वी झूल घालताना आवाजात जी खात्री होती, तीच आता झूल न घालण्यात आली. हे मला अधिक धोक्याचं वाटतं. एकदा चूक झालेला माणूस बरेचदा उलट टोकाला जाऊन तिथेही तितकाच घट्ट बसतो, आणि जनावराकडे मात्र दोन्ही वेळा पाहायचं राहून जातं.

जानेवारीत अवकाळी आला. चाचा लेकीच्या सासरी गेला होता. रात्री वारा उत्तरेकडून सुटला, मग आडवा पाऊस, पहाटेपर्यंत. उजाडल्यावर अण्णा कंदील विझवून दावणीवर गेले. छप्पर होतं, पण उत्तरेची बाजू सताड उघडी. चांदणी आणि बिजली ढुंगण वाऱ्याकडे करून, शेपटी आवळून एकमेकींना खेटून उभ्या होत्या, भिजलेल्या पण ताठ. मैना कडेला होती. मान खाली, पाठ कमानीसारखी वर आलेली, मागच्या मांड्या थडथड उडत होत्या. केस उभे राहायच्या ऐवजी पाण्याने अंगाला चिकटलेले. अण्णांनी तिच्या छातीवर हात ठेवला आणि त्यांना कितीतरी वेळ काही सुचलंच नाही.

मग ते कामाला लागले. गोणपाटाने तिचं अंग मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत उलटसुलट रगडलं. सूनबाईने चुलीवर पाणी ठेवलं. झूल खाली आली, पण ओल्या अंगावर थेट टाकायची हिंमत होईना. फोनवर डॉक्टरबाईंनी सांगितलं, "आधी पाठीवर कोरडं गवत पसरा, चांगलं जाड, आणि त्यावर गोणपाट बांधा. गवतातून हवा खेळेल, अंग आतून वाळेल. वाळलं की गवत काढून झूल." तसं केलं. कोमट पाणी पुढे धरलं तेव्हा मैना एका दमात अर्धी बादली प्यायली. थंडीत घोडी गार पाणी कमी पितात, आणि पाणी कमी पडलं की चारा पोटात अडतो, पोटशूळ उठतो. ते एक वेगळंच संकट. दोन तासांनी मांड्यांचं उडणं थांबलं.

डॉक्टरबाई दुपारी आल्या. अण्णांनी जरा चिडूनच विचारलं, "तुम्हीच म्हणाला होतात ना, झूल नको?"

"मी चांदणीबद्दल बोलले होते," त्या म्हणाल्या.

त्यांनी मैनेचं तोंड उघडून दाढा दाखवल्या. झिजून गुळगुळीत झालेल्या, एक तर नाहीच. तिच्या पुढच्या कडब्यात अर्धवट चघळून टाकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. अण्णा रोज तिथून जात होते. गोळ्या दिसल्या होत्या, त्यांचा अर्थ लागला नव्हता.

"घोड्याच्या पोटातली चूल चाऱ्यावर चालते, काका. चारा आतड्याच्या मागच्या भागात आंबतो आणि त्यातून ऊब तयार होते. म्हणून थंडीची रात्र असली की हरभरा वाढवायचा नाही, कडबा वाढवायचा, गवत वाढवायचं. चांदणी आणि बिजली रात्रभर दादर ज्वारीचा कडबा खात उभ्या राहिल्या, त्यांची चूल पेटती राहिली. हिला चावताच येत नाही, तर ऊब कुठून येणार? हिला बारीक कुट्टी भिजवून द्या, भुसा भिजवून द्या. उत्तरेला ताटी बांधा. वारा आणि ओल, ही दोन एकत्र आली की पारा किती आहे याला फारसा अर्थ राहत नाही. आणि हिला झूल हवी. म्हाताऱ्याला हवी, आजाऱ्याला हवी, हाडं दिसणाऱ्याला हवी, केस कातरलेल्याला हवी. कोवळं शिंगरू तर वीस अंशांखालीच कुडकुडायला लागतं."

निघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. नॉर्वेतल्या संशोधकांनी 23 घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवलं होतं; 2016 साली ते प्रसिद्ध झालं. आडव्या रेघेची पाटी म्हणजे झूल घाला, उभ्या रेघेची म्हणजे काढा, कोरी म्हणजे आहे तसं असू द्या. घोड्याने पाटीला नाक लावायचं. दोन आठवड्यांच्या आत सगळे शिकले. हवा चांगली असली की झूल नको म्हणायचे, पाऊस-वारा-गारठा असला की घाला म्हणायचे.

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. "म्हणजे त्यांना ठाऊक असतं," ते शेवटी म्हणाले.

"त्यांनाच ठाऊक असतं."

चाचा परतला तेव्हा उत्तरेला तुराट्यांची ताटी उभी होती आणि मैनेच्या पुढ्यात भिजवलेल्या कुट्टीचं घमेलं होतं. अण्णा त्याला म्हणाले, "चाचा, तू दिवाळीला बरोबर सांगितलं होतंस. यापुढे मी नाही ऐकलं तर पुन्हा सांगत जा." चाचाने मान डोलावली. त्या दिवसापासून तो खरोखरच पुन्हा सांगू लागला, आणि कधी कधी अण्णांना रागही येई.

रात्रीच्या जेवणानंतर दावणीवर जायचा अण्णांचा नेम सुरू झाला. कानांवर ते विसंबत नसत. घोड्याचे कान आणि पाय गार लागले तरी आतून तो उबदार असू शकतो. तळवा सपाट ठेवून खांद्यामागे, छातीखाली, कोपराच्या मागे. अंग कोरडं आणि उबदार असलं की आहे तसंच. दमट लागलं की झूल ताबडतोब बाहेर, मग रात्र कितीही गार असो. केस ताठ उभे आणि कातडी गार लागली, तर आधी कडब्याची जास्तीची पेंढी, मग वाऱ्याची बाजू, आणि मग झूल. सूर्य दोन हात वर आला की झूल निघालीच पाहिजे, खरारा झालाच पाहिजे, आणि अस्तर उन्हात उलटं पडलं पाहिजे. केसांखाली बरगड्या बोटांना किती लागतात तेही ते चाचपून बघत, कारण हिवाळी केसांत रोडावलेलं जनावर डोळ्यांना गुटगुटीत दिसतं.

तिघींचं तीन तऱ्हांचं निघालं. मैना झूल दिसली की स्वतःच दोन पावलं पुढे येई. चांदणीला फक्त पावसापुरती लागे. बिजली बंद बांधायला घेतले की कान मागे पाडून सरकायची. तिचं अंग कधी गार लागलंच नाही, म्हणून उरलेल्या हिवाळ्यात तिच्या झुलीची घडीच मोडली नाही. गावातले लोक आता म्हणायचे, "अण्णा, दोघी उघड्या आणि एकटीलाच झूल? हा कसला न्याय?" अण्णा उत्तर देत नसत.

पुढच्या दत्तजयंतीला चांदणी पुन्हा यात्रेत उभी होती. अंगावर झूल नव्हती, हिवाळी केसांमुळे ती गेल्या वर्षीइतकी चकचकीत दिसत नव्हती. एक ग्राहक आला, मोटारीतून, नाशिककडचा. घोडी त्याच्या मनात भरली. व्यवहार जवळजवळ ठरला तेव्हा त्याने विचारलं, "आमच्याकडे थंडी फार पडते. हिला झूल किती अंशांना घालायची? एक आकडा सांगून टाका, म्हणजे झालं."

"रात्री जेवण झाल्यावर तुम्ही तबेल्यात जाता का?" अण्णांनी विचारलं.

"मी? त्यासाठी माणूस ठेवलाय."

"मग त्याला बोलवून घ्या."

"तो तिकडे आहे. पैसे मी देतोय, तुम्ही आकडा सांगा."

अण्णांनी चांदणीची दोरी हातातच ठेवली. "उद्या त्याला घेऊन या," ते म्हणाले. "एक रात्र आमच्या दावणीवर राहू द्या. तो बघेल, हात लावेल, मी सांगेन, चाचा सांगेल. मग घोडी तुमची. भाव तोच."

ग्राहक वैतागून मोटारीकडे गेला. चाचा म्हणाला, "मालक, गिऱ्हाईक गेलं की."

"जाऊ दे. आला तर माणसाला घेऊनच येईल," अण्णा म्हणाले, आणि चांदणीच्या पुढे कडबा टाकायला वळले.