स्तूप, देऊळ आणि चालणारी पावले: पवनीच्या निमित्ताने स्थानमाहात्म्याचा विचार

एखादे स्थान पवित्र असते म्हणजे नेमके काय असते, त्याचे पावित्र्य तेथील माती-दगडांत वसते की तेथे येणाऱ्यांच्या भावनेत, आणि ती माणसे निघून गेल्यावर अथवा त्यांची श्रद्धा पालटल्यावर त्या पावित्र्याचे पुढे काय होते, हा धर्मचिंतनातील जुना प्रश्न आहे. भंडारा जिल्ह्यात तो ग्रंथांत शोधावा लागत नाही. लाखांदूर तालुक्यातील दिघोरीहून धानाच्या बांध्यांमधून पश्चिमेकडे निघून वैनगंगा ओलांडली की पवनी येते. तीन बाजूंनी तट व खंदक आणि उरलेल्या बाजूस नदी, अशा बेताचे हे नगर दिवसभरात पायी पाहून होण्याइतके आटोपशीर आहे. किल्ल्याचा दगडी दरवाजा, वैजेश्वराचा घाट, विदर्भातील अष्टविनायकांत गणला जाणारा पंचमुखी सर्वतोभद्र गणेश आणि गावाबाहेरील टेकड्या एवढे पाहणाऱ्याच्या पायाखालून किमान बावीस शतकांचा धार्मिक इतिहास जातो, आणि त्यातील प्रत्येक थराने आधीच्या थराच्या जागेवरच आपले पाऊल ठेवलेले असते.

जगन्नाथ टेकडी हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. जगन्नाथाच्या देवळावरून हे नाव पडले. मात्र 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जे उत्खनन केले, त्यातून या टेकडीच्या पोटात एक भव्य बौद्ध स्तूप असल्याचे उघड झाले. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारे 36.6 मीटर आहे आणि पवनीचा स्तूप त्याच्याच तोडीचा आहे, एवढे सांगितले तरी त्याच्या विस्ताराची कल्पना यावी. मूळ स्तूप मौर्यकाळात मागे नेता येतो. पुढे त्याची वाढ झाली, त्याच्याभोवती दगडी वेदिका, म्हणजे कठडा, उभारला गेला आणि ज्यांनी त्या कठड्याचे खांब व सूची (खांबांना जोडणाऱ्या आडव्या शिळा) दान दिल्या त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली गेली. येथे मिळालेल्या एका शिल्पात पाच फणांचा नाग आहे, तो मुचलिंद असल्याचे त्याच्याजवळ कोरलेल्या लेखावरून कळते, आणि ज्या आसनाचे तो रक्षण करतो ते आसन रिकामे आहे. बोधी प्राप्त झाल्यानंतरच्या आठवड्यांत वादळी पावसापासून बुद्धाला आपल्या फणांखाली घेणारा तो हा नागराज. बुद्धाची मूर्ती घडवण्याची प्रथा रूढ होण्यापूर्वीच्या शिल्पकारांनी बुद्धाचे अस्तित्व असे रिक्त आसनाने, पावलांनी, चक्राने किंवा बोधिवृक्षाने सुचवले. जे नाही त्याच्या जागेपुढे नतमस्तक होण्याचा हा धर्मभाव आहे, आणि स्थानमाहात्म्याच्या चर्चेत त्याला फार मोठे मोल द्यावे लागते.

पाली परंपरेने पूज्य वस्तूंचे, म्हणजे चेतियांचे, तीन प्रकार मानले आहेत: शारीरिक, ज्यात अस्थिधातू असतात, पारिभोगिक, म्हणजे बुद्धाच्या वापरात आलेल्या वस्तू व जागा, आणि उद्देशिक, म्हणजे त्याच्या स्मरणासाठी उभारलेली चिन्हे. महापरिनिब्बान सुत्तात जन्म, बोधी, प्रथम उपदेश आणि महापरिनिर्वाण यांची चार स्थाने श्रद्धावंतांनी पाहावीत असे सांगितले आहे. मात्र तेथे पाहण्याचे प्रयोजन पुण्यसंचयापुरते थांबत नाही, तर संवेग, म्हणजे अनित्यतेच्या जाणिवेने अंतःकरणाला बसणारा हादरा, हा त्या दर्शनाचा गाभा मानलेला आहे. जो धर्म सर्व संस्कार अनित्य मानतो, त्याच्या दृष्टीने कोसळलेला स्तूपही आपले काम करीतच असतो. म्हणून पवनीच्या टेकडीवर वीट-मातीचा ढिगारा पाहून ज्याला केवळ हळहळ वाटते त्याच्यापेक्षा ज्याला त्या ढिगाऱ्यातच शिकवण दिसते तो मूळ उभारणाऱ्यांच्या अधिक जवळ असतो, असे म्हणणे वावगे ठरू नये.

मराठी भाषेत या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार महानुभाव पंथाने केला. श्रीचक्रधरस्वामी जेथे बसले, जेथे त्यांनी वस्ती केली, अशा जागांना पंथात ‘स्थान’ म्हणतात. त्या जागी ओटा बांधतात आणि त्याचे वंदन करतात. ईश्वरावताराशी आलेला ‘संबंध’ हे या वंदनाचे कारण आहे. जागेला स्वतःचे वेगळे दैवत तेथे मानलेले नाही. या स्थानांची नोंद गावोगाव, दिशा आणि अंतर यांच्या बारकाव्यासह ‘स्थानपोथी’त केलेली आढळते. चक्रधरांच्या परिवारातील निळभट भांडारेकार हे नाव भंडारा परिसराला या इतिहासाशी जोडते. विशेष असे की, ओळखीचा मुलूख सोडून झाडातळी आयुष्य घालवावे, कोठेही गुंतू नये, असा आदेश ज्यांनी दिला त्यांच्याच अनुयायांनी त्यांच्या प्रत्येक थांब्याची स्मृती जिवापाड जपली. हा वरवर दिसणारा विरोध संबंधाच्या सिद्धान्ताने सुटतो: जागेची आसक्ती वेगळी आणि जागेमुळे जागणारे स्मरण वेगळे.

हा सिद्धान्त मात्र एकाच संबंधाचा विचार करतो, आणि पवनीची अडचण अशी की तिच्या एका टेकडीशी अनेकांचे संबंध आहेत. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ, म्हणजे मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारलेला लेखयुक्त स्तंभ, याच नगरात सापडला. वैजेश्वराच्या घाटावर शैव यात्रेकरू नदीत उतरले. स्तूपाच्या माथ्यावर वैष्णव देऊळ आले. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर पूर्व विदर्भातील असंख्य कुटुंबांसाठी पवनीचे अवशेष हा आपल्या धर्माचा प्राचीन पुरावा ठरला. त्याच बाबासाहेबांनी 1954 मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती आणि त्यांचा पराभव झाला होता, ही गोष्ट या भूमीच्या इतिहासातून वगळता येत नाही. पवनीजवळ रुयाड येथे उभा राहिलेला महासमाधीभूमी स्तूप हा या नव्या संबंधाचाच आविष्कार होय. यांपैकी कोणाचा संबंध खरा, असा प्रश्न विचारला की तो लगेच मालकीचा प्रश्न होतो, आणि स्थानाविषयीचे बहुतेक विचार याच ठिकाणी वाट चुकतात.

आयर्लंड बेटावरील आर्मा या जुन्या नगरात हीच गाठ निराळ्या रीतीने पडलेली दिसते. संत पॅट्रिकने सन 445 मध्ये ज्या टेकडीवर चर्च स्थापन केले असे परंपरा सांगते, तेथील कॅथीड्रल, म्हणजे धर्मप्रांताचे मुख्य चर्च, धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट पंथाच्या चर्च ऑफ आयर्लंडकडे गेले. पुढे कॅथलिकांनी 1840 मध्ये समोरच्या टेकडीवर दुसरे कॅथीड्रल बांधायला घेतले, दुष्काळामुळे ते काम खोळंबले आणि त्याचे पवित्रीकरण 1904 मध्ये झाले. दोन्ही वास्तूंना नाव एकाच संताचे आहे. ते नगर पायी पाहणाऱ्याला एक टेकडी उतरून दुसरी चढावी लागते. पवनीत अशी दुसरी टेकडी शोधण्याची सोय नाही. तेथे दोन्ही दावे एकाच मातीवर, एकावर एक आहेत, आणि म्हणून तेथील कसोटी अधिक कठीण आहे.

या कसोटीचे उत्तर स्तूपाच्या घडणीतच दडलेले आहे. देवळाला गर्भगृह असते. तेथे आत कोण जाणार आणि उंबऱ्याबाहेर कोण थांबणार, हा अधिकाराचा प्रश्न आपोआप उद्भवतो, आणि महाराष्ट्राने त्या प्रश्नाचे दुःख पुष्कळ सोसले आहे. स्तूप मात्र भरीव असतो. मेधी म्हणजे खालचे जोते, त्यावर अर्धगोलाकार अंड, माथ्यावर हर्मिका म्हणजे चौकोनी कठडा, आणि या सर्वांत आत शिरायला दार नाही. त्याची पूजा करण्याचा मुख्य मार्ग एकच: वेदिका आणि अंड यांच्यामधील प्रदक्षिणापथावरून, पूज्य वस्तू उजव्या हाताला ठेवून, चालत राहणे. दान देणारा धनिक आणि अनवाणी आलेला मजूर यांची वाट तेथे एकच असते, आणि मध्यबिंदूवर कोणालाच उभे राहता येत नाही. प्रदक्षिणा ही शैव, वैष्णव, जैन आणि बौद्ध या साऱ्यांची समाईक पूजापद्धती असल्यामुळे, माथ्यावर देऊळ आले तरी पायथ्याची वाट कोणाच्याही श्रद्धेशी विसंगत ठरत नाही. जागा ताब्यात न घेता तिच्याशी संबंध जोडण्याची रीत म्हणजे प्रदक्षिणा, असे तिचे तत्त्व मांडता येईल.

यावर आक्षेप असा येऊ शकतो की चालण्याला एवढे मोल दिले तर श्रद्धाहीन पर्यटक आणि भक्त यांत भेद उरत नाही. भेद उरतो, यात शंका नाही. पण तो वाटतो तितका रुंद नाही. हातातले पुस्तक पाहत, शिल्पांची लिपी न्याहाळत, दात्यांची नावे वाचत चालणारा अभ्यासक पूजा करीत नसेल. तरी ज्या उपासक-उपासिकांनी एकेक सूची दान देऊन आपले नाव दगडावर ठेवले, त्यांना अपेक्षित असलेले स्मरण तो पुरवीत असतो. त्याच्या मनात भक्ती नसली तरी लक्ष असते, आणि लक्ष ही भक्तीची पहिली पायरी आहे.

जागा आणि देवत्व यांचा वियोग होऊ शकतो, हे परंपरेनेही ओळखले होते. मूर्ती हलवावी लागली तर तिच्यातील शक्ती मंत्रपूर्वक जलकुंभात आणण्याचा कलाकर्षण नावाचा विधी आगमांत सांगितलेला आहे. याच पवनी तालुक्यात, गोसेखुर्द येथे 1988 मध्ये पायाभरणी झालेल्या धरणाच्या पाण्याखाली गावे गेली आणि विस्थापितांपुढे घरांबरोबर ग्रामदैवतांचाही प्रश्न उभा राहिला. देव नव्या गावठाणात नेता येतो. ज्या पारावर, ज्या पांदणीवर पिढ्या वावरल्या ती जमीन नेता येत नाही. स्थानाचे पावित्र्य निव्वळ मानसिक असते तर ही हानी हानीच ठरली नसती. ते निव्वळ भौतिक असते तर देव हलवण्याचा विधीच संभवला नसता.

पवनीच्या बाबतीत सुदैवाने जमीन जागेवर आहे. उत्खननात निघालेले खांब आणि शिल्पे संग्रहालयांत जाणे रक्षणाच्या दृष्टीने योग्यच होते. परंतु टेकडीचा घेर हलवता येण्याजोगा नाही, आणि म्हणून अतिक्रमण, झुडपे व कचरा यांपासून त्याच्याभोवतीची वाट मोकळी ठेवणे हे सौंदर्यीकरणाच्या कोणत्याही योजनेपेक्षा अगत्याचे आहे. दिघोरी-लाखांदूरकडील शाळांच्या सहली तेथे येतात तेव्हा मुलांना आधी पायथ्याने पूर्ण फेरी घालू द्यावी आणि मगच देवळाकडे चढू द्यावे, कारण माथ्यावरून केवळ टेकडी दिसते, स्तूपाचा घेर मात्र त्याच्याभोवती चालणाऱ्यालाच कळतो.